धूर कडुनिंबापर्यंतच चढला

रविवार, ११ जानेवारी

सकाळी साडेसहाला शाल गुंडाळून काकूच्या अंगणात उभी होते. शेजारी बंब पेटला होता. धूर सरळ वर गेला, कडुनिंबाच्या शेंड्याशी पोचला आणि तिथेच अडला. मग आडवा होऊन कौलांवरून नाल्याच्या अंगाला सरकत गेला. आणखी दोन घरांतून धूर निघाला, तोही त्याच उंचीवर थांबला. आत काकू खोकत होती.

इंदूरहून खंडवा रस्त्याने सिमरोल ओलांडलं की भेरूघाट लागतो. माळव्याचं पठार तिथे संपतं आणि रस्ता चोरल नदीच्या खोऱ्यात उतरतो. काकांनी या गावच्या शाळेत नोकरी केली, इथेच शेत घेतलं, घर बांधलं. तिन्ही बाजूंना टेकड्या, मध्ये बशीत ठेवल्यासारखं गाव. लहानपणी या बशीचं फार कौतुक वाटायचं.

काका गेल्यावर काकूला इंदूरला, रामबागेतल्या माझ्या घरी आणावं असं माझ्या मनात होतं. घरातले म्हणाले, तिचा श्वास अधू, शहरात कशाला? गावची हवा शुद्ध. मलाही पटलं. गेलं वर्षभर महिन्यातून एकदा इथे येते आणि येईन तेव्हा तिच्या श्वासाबद्दल दोन ओळी लिहून ठेवते. आज सगळी पानं उलटून पाहिली.

मार्च: मोहाची फुलं पडायला लागली. ती वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटवतात, तो धूर दिवसभर टेकड्यांवर. एप्रिल: गहू निघाला. हार्वेस्टर वरची ओंबी नेतो आणि गुडघ्याखालचे ताठ धांडे तसेच सोडतो. पूर्वी विळ्याने कापत तेव्हा एवढं उरायचंच नाही. ती नरवाई लोक संध्याकाळी पेटवतात, वारा पडलेला असतो म्हणून. पण वारा पडल्यावर धूरही हलत नाही. त्या रात्री काकू उशाला तीन उशा घेऊन बसून होती. मे महिन्यात लू आणि धूळ, तुळशीच्या पानावर बोट फिरवलं तर रेघ उठायची. तरी तिला बरं होतं. उन्हाने हवा खूप उंचापर्यंत ढवळली जाते, धूर वर निघून जातो.

जुलैच्या पानावर मी आज बराच वेळ थांबले. पावसाने हवा धुऊन काढलेली, समोरच्या टेकडीवरचा सागवान पानापानाने दिसत होता. आणि काकूचा खोकला वर्षातला सगळ्यात वाईट. कारण लाकडं ओली. दार-खिडक्या बंद. सिलिंडर आहे, पण तो चहाला. भाकरी आणि अंघोळीचं पाणी चुलीवरच. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हा दमा नव्हे, सीओपीडी आहे, म्हणजे श्वासनलिका कायमच्या अरुंद करणारा फुफ्फुसांचा आजार, चाळीस वर्षं फुंकणी घेऊन चुलीपुढे बसल्याचा. घरातली हवा मी हिशेबात धरलीच नव्हती. तिच्यापाशी बसून जेवत होते आणि बाहेरच्या स्वच्छ टेकडीकडे बघून खूश होत होते, याची मला लाज वाटते.

आता थंडी. आकाश निरभ्र असलं की रात्री जमीन निवते, तिला टेकलेली हवाही निवते. गार हवा जड, ती उतारांवरून पाण्यासारखी ओघळून बशीत साचते. वर त्यामानाने ऊबदार हवेचा थर, झाकणासारखा. काल घाटमाथ्यावर गाडीची काच खाली केली तेव्हा हवा मोकळी होती. खाली उतरता उतरता नाकाला शेणी जळल्याचा वास आला.

धुरातले बारीक कण, पीएम २.५, केसाच्या जाडीच्या पंचविसाव्या-तिसाव्या हिश्शाचे. आपल्याकडे चोवीस तासांच्या सरासरीची मर्यादा घनमीटर हवेत ६० मायक्रोग्रॅम आहे, जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये १५ सांगितली. ते मोजणारी यंत्रं बहुतेक शहरांतच आहेत. इथे मोजायला काकूची छाती तेवढी.

तिचा नेम पहाटे पाचला नाल्यापलीकडच्या मारुतीला जाण्याचा. नाला म्हणजे बशीचा तळ. काल रात्री तिला म्हटलं, "काकू, थंडी सरेपर्यंत ऊन वर आल्यावर जा ना गं."

"देवाला का उन्हात उठवायचं?"

"देव जागाच असतो. तुझ्या श्वासासाठी म्हणते."

ती काही बोलली नाही. पण आज पाचला उठली नाही. मी तिच्या सुनेबरोबर बंब पडवीतून उचलून परसात, उताराच्या खालच्या अंगाला नेला. भाकरीही गॅसवर करायची, जादा सिलिंडरचे पैसे मी देणार, एवढं ठरलं.

दहाच्या सुमारास टेकडीवरून ऊन अंगणात आलं. कडुनिंबाच्या शेंड्याशी तरंगणारा पट्टा आधी पातळ झाला, मग तुटला. पलीकडचा सागवान दिसायला लागला. काकूने काठी घेतली, जास्वंदीची दोन फुलं खुडली आणि निघाली. नाल्याच्या पुलापर्यंत मी तिच्यामागे गेले. मध्ये एकदाच थांबली, तेही पदर सारखा करायला.