लाल बटूचा ग्रह आणि फॉर्ममधला एक रकाना

दुसऱ्या ताऱ्यांभोवतीचे ग्रह शोधणाऱ्या नासाच्या टेस उपग्रहाचा डेटा सगळ्यांना फुकट मिळतो. लाइटकर्व्ह हे पायथन या संगणकभाषेचं पॅकेज टाकलं की जवळच्या लाल बटू (सूर्याहून लहान, थंड) ताऱ्यांच्या प्रकाशाचे आलेख घरच्या लॅपटॉपवर उघडतात. तिथवर काहीच अडत नाही.

माझ्या ताऱ्याची त्रिज्या सूर्याच्या साधारण एक-तृतीयांश. त्याच्यासमोरून पृथ्वीएवढा ग्रह गेला, तर प्रकाश जेमतेम 0.08 टक्के घटतो. सूर्यासमोर हीच घट नऊपट कमी. लाल बटूंच्या मागे लागायचं ते यासाठीच. मला प्रकाशातली अशी एक घट, म्हणजे डिप, सापडली, तीन तासांची, सुबक. पण टेस आकाशाच्या एका भागाकडे सलग सुमारे 27 दिवसच बघतो, आणि अशा ताऱ्याच्या वासयोग्य पट्ट्यातला (जिथे पाणी द्रव राहू शकतं) ग्रह महिनाभराने फेरी मारत असेल तर दुसरी डिप दिसणार कधी? टेस त्या भागात परतला दोन वर्षांनी. तेव्हा पुन्हा एकच डिप. दोघींत अंतर 730 दिवस.

आता परिभ्रमणकाळ, म्हणजे एका फेरीचा वेळ, किती? मधे किती फेऱ्या झाल्या तेच माहीत नाही. 730 भागिले 20 केलं तर 36.5 दिवस, 21 ने भागलं तर 34.8, 22 ने 33.2... यादी लांबतच जाते.

जमिनीवरच्या मोठ्या दुर्बिणीचा वेळ मागावा म्हटलं, तर अर्जात 'परिभ्रमणकाळ' हा रकाना सक्तीचा. आकडा एकच, तोही किती कमी-जास्त असू शकतो त्यासह. यादी टाकली की फॉर्म पुढेच जात नाही. अहो, काळ माहीत नाही म्हणून तर दुर्बीण हवी! ईमेल केला, तर उत्तर आलं: 'काळ निश्चित झाल्यावर अर्ज करावा.' लग्न झाल्याशिवाय वेड जाईना आणि वेड गेल्याशिवाय लग्न होईना. पुन्हा लिहिलं, यादी जोडली, कारणं दिली. तेच वाक्य परत आलं, स्वल्पविरामासकट.

(मध्येच आठवलं म्हणून: आलेख सपाट करताना खिडकी (एका वेळी जेवढ्या काळाची सरासरी काढता तो तुकडा) डिपपेक्षा बरीच रुंद ठेवा, नाहीतर ताऱ्यावरच्या डागांमुळे होणाऱ्या चढउताराबरोबर ग्रहही पुसला जातो. ज्वाला (ताऱ्याचे अचानक होणारे भडके) काढताना फक्त वर उसळलेले बिंदू काढा.)

सुटका केली ती टेसनेच. तिसऱ्या फेरीत डिप आलीच नाही, आणि न दिसलेल्या डिपचा एवढा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता. 36.5 पेक्षा लहान काळ असता तर त्या दिवसांत ती दिसायलाच हवी होती. ते सगळे आकडे कटले. मात्र डेटा पृथ्वीकडे पाठवण्यासाठी टेस मध्येच निरीक्षण थांबवतो. डिप त्या थांबलेल्या वेळात तर पडत नव्हती ना, हे प्रत्येक आकड्यासाठी तपासा.

उरलेल्यांत सर्वांत लहान 36.5, तेच रकान्यात भरलं. अर्ज मंजूर.

दुर्बिणीची रात्र मागताना पहिल्या डिपपासून 36.5 ची विषम पट मोजून मागा. सम पटीला 73 दिवसांचा (730 भागिले 10) ग्रहही हजर असतो, आणि तो या ताऱ्यापासून फारच थंड अंतरावर पडेल.