छताला टोला

आज चंद्रपूरला मावशीच्या नवीन घरी गेलो होतो. काका दारातून आत आले आणि काठी उचलून आधी छताला टोला दिला. कोरा करकरीत स्लॅब! मावशी म्हणाली, "खाण सुटली, पण हे काही सुटत नाही."

काका कोळसा खाणीत लोडर होते, म्हणजे कोळसा भरणारे. जमिनीखाली कोळसा काढताना मधेमधे कोळशाचेच खांब सोडत जातात, त्यांच्यावर छत तोललेलं असतं. सुरुंग उडाला, धूर निवळला की आधी छत ठोकून बघायचं. "टणटण वाजलं तं ठीक. भद्द वाजलं का मांगं सरकाचं, कोनाचं आयकाचं नाई." मग टोपल्यांनी टब (रुळांवरचे छोटे डबे) भरायचे. जितके टब, तितकी मजुरी.

आपल्याकडची जुनी खाण वरोऱ्याची, १८७१ ची. १९०६ मध्ये ती बंद पडली. पूर्वी देशातल्या खाणींत बायकाही खाली उतरायच्या, हे मला आजच कळलं. १९७३ ला खाणी सरकारी झाल्या तेव्हा काका नुकतेच लागले होते. क्वार्टर मिळालं, दवाखाना मिळाला, लग्नही जमलं (हे मावशीचं म्हणणं).

आता बहुतेक कोळसा ओपनकास्टमधून, म्हणजे वरून खोदलेल्या उघड्या खाणीतून निघतो. माणसं कमी, डंपर जास्त. धूळ मात्र सगळ्यांना सारखीच, मावशी तुळससुद्धा रोज पुसते.

मी विचारलं, बिडी का नाही ओढली कधी? मिथेन पेटतो म्हणून खाली बिडी-काडी न्यायला बंदी, सांगत काकांनी खर्रा (सुपारी-तंबाखूचं मिश्रण) पुढे केला.