हरिश्चंद्रगड एका दिवसात: कोकणकड्यावरचं ऊन कधी गाठायचं

हरिश्चंद्रगडाचा अर्धवर्तुळाकार कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे, त्यामुळे सकाळभर त्याची भिंत सावलीतच असते. नऊ-दहाला कडा पाहून दुपारी उतरणाऱ्यांच्या फोटोत कडा काळपट आणि कोकण पांढुरकं येतं ते म्हणूनच. ऑक्टोबरच्या मध्यातली ही फेरी त्यामुळे उलटी आखली: आधी देवळं, मग कडा.

पायथ्याच्या पाचनई गावातून साडेनऊला चढाई सुरू केली. गडावर जायची ही सगळ्यांत सोपी वाट, फोटो काढत गेलं तरी अडीच तास पुरतात. मधे डोक्यावर झुकलेल्या कातळाखालून आडवं जावं लागतं. पावसाळ्यानंतरही तिथे वरून पाणी ठिबकतं, तेवढ्यापुरता कॅमेरा सॅकमध्ये टाका. गाडीत एसी लावून आला असाल तर कॅमेऱ्याची बॅग बंदच ठेवून अर्धा तास बाहेरच्या हवेत राहू द्या, नाहीतर गार काचेवर लगेच बाष्प धरतं.

भर दुपार केदारेश्वराच्या गुहेसाठी राखून ठेवली; इथे पिंड पाण्यात आहे. बाहेर डोळे दिपवणारं ऊन आणि आत अंधार, हे दोन्ही एका फोटोत मावत नाही. ट्रायपॉड, आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १००, लेन्सचं छिद्र एफ/८ आणि तीन फोटो: एक कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर दाखवेल तसा, एक दोन स्टॉप कमी, एक दोन स्टॉप जास्त (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा). घरी जोडता येतात. पाण्यात कोणी उतरलेलं असेल तर थांबा. दोन-तीन सेकंदांच्या फोटोत हलतं पाणी दुधट होतं आणि पिंडीचं प्रतिबिंब हरवतं. पाणी निवळलं की चारांपैकी उरलेला तो एकच अखंड खांब खाली पाण्यातही उभा दिसतो. गडावरचा सगळ्यांत सुंदर फोटो हाच, आणि त्याला फक्त सबुरी लागते. पोलरायझर (चकाकी कापणारा फिल्टर) लावलेला असेल तर काढा, तो नेमकं हेच प्रतिबिंब पुसतो.

देवळापासून कडा अर्ध्या तासावर. वाटेत सोनकी फुललेली असेल तर कॅमेरा फुलांच्या उंचीवर आणा. क्रॉप सेन्सरवर (फुल-फ्रेमपेक्षा लहान सेन्सर) १८ मिमी लेन्स, एफ/११ ठेवून फोकस दीड मीटरवर लावला, की पाऊण मीटरवरच्या फुलापासून मागच्या डोंगरापर्यंत सगळं स्पष्ट येतं.

कड्यावर तीननंतरच पोचा. मधोमध उभं राहून अगदी वाइड लेन्सने काढलेला कडा सपाट दिसतो, त्याची खोली जाते. त्यापेक्षा अर्धवर्तुळाच्या एका टोकाकडे जा आणि समोरची बाजू टिपा. ऊन तिरपं पडतं, कातळाचे थर सुटे दिसतात. समोरच्या पठारावर, कडेपासून चांगला आत, माणूस उभा असेल तर उंचीचा अंदाज येतो. पूर्ण वाटी हवी असेल तर कॅमेरा उभा धरून सहा ते आठ फोटो घ्या, प्रत्येकात आधीच्याचा तिसरा हिस्सा. एक्सपोजर, फोकस आणि व्हाइट बॅलन्स तिन्ही मॅन्युअल, नाहीतर आकाशात पट्टे पडतात.

वारा इथे दरीतून वर येतो. टोपी, लेन्सचं झाकण, पुसायचं फडकं खिशात. ट्रायपॉड कडेपासून तीन मीटर आत, मधला दांडा खाली. सॅक त्याला टांगायची तर ती जमिनीला टेकलेली हवी, झुलती सॅक उलट ट्रायपॉडच हलवते. खाली वाकून पाहायचं असेल तर पोटावर झोपूनच, आणि तेव्हा हातात कॅमेरा नको.

धुकं आलं तर कॅमेऱ्याचा मीटर फसतो, पांढऱ्याला राखाडी करतो. पाऊण ते एक स्टॉप वाढवा. इंद्रवज्र (ढगावर आपल्या सावलीभोवती दिसणारं गोल इंद्रधनुष्य) पाहायचं असेल तर मात्र हे वेळापत्रक उपयोगाचं नाही: सूर्य पाठीशी आणि ढग समोर दरीत हवेत, म्हणजे सकाळच. त्यासाठी अंधारातच चढायला लागावं लागतं.

ऑक्टोबरच्या मध्यात सूर्य सव्वासहाच्या आसपास मावळतो. नंतरची पंधरा मिनिटं रंगासाठी थांबायला हरकत नाही, पण मग पूर्ण उतरण अंधारात. प्रत्येकाकडे डोक्याला लावायचा टॉर्च आणि जादा सेल हवेत. मोबाइलच्या उजेडावर त्या कातळाखालच्या वाटेने जाऊ नका, तिथे एक हात आधाराला मोकळा लागतो.