घाट, पाऊस आणि स्पोर्ट बाइक: देखभाल संध्याकाळीच उरका

आमच्या या बाइक सहलीत मोकळा महामार्ग, लांबलचक घाट आणि परतीला सलग पाऊस असं सगळं वाट्याला आलं. दोन स्पोर्ट बाइक, दोघे स्वार. सर्व्हिसिंग करून निघालो होतो, तरी रोज मुक्कामी पोचल्यावर सामान उतरवायच्या आधी गाडी बघायची, हे ठरलेलं होतं. सकाळी निघायची घाई असते. संध्याकाळी काही सापडलं तर दुरुस्तीला अख्खी रात्र हाताशी असते.

चेनसाठी तर हीच वेळ उत्तम, कारण गरम चेनमध्ये लूब (चेनचं वंगण) नीट मुरतं आणि सकाळपर्यंत त्यातला पातळ भाग उडून जातो. कोरड्या रस्त्यावर साधारण ५०० किलोमीटरला आणि पावसात भिजल्यावर त्याच संध्याकाळी आम्ही लूब मारलं. ओ-रिंगची, म्हणजे कड्यांमध्ये रबरी सील असलेली चेन पेट्रोलने धुऊ नका, रबर खराब होतं. रॉकेल किंवा चेन क्लीनर वापरा. पॅडॉक स्टँड (मागचं चाक उचलून धरणारा स्टँड) सोबत नसेल तर गाडी न्यूट्रलला ठेवून थोडी थोडी पुढे ढकला. इंजिन चालू ठेवून फिरत्या चेनला फडकं लावणं म्हणजे बोटं गमावणं. चेनचा ढिलेपणा किती हवा ते स्विंगआर्मवरच्या (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यावरच्या) स्टिकरवर लिहिलेलं असतं. तो दोन-तीन ठिकाणी मोजा, कारण झिजलेली चेन एका जागी सैल, दुसरीकडे ताठ लागते. बॅग बांधून आणि स्वार बसवून ती आणखी ताणली जाते, म्हणून जास्त घट्ट करण्यापेक्षा किंचित सैल बरी.

टायरची हवा मात्र सकाळी, टायर थंड असताना तपासा. तापल्यावर वाढलेला दाब पाहून हवा काढली तर थंड झाल्यावर ती कमी भरते.

घाटात ट्रकांच्या मागे रांगताना तापमान १०० अंशांच्या वर गेलं आणि पंखा सुरू झाला. एवढ्याने घाबरायचं कारण नाही. पंखा फिरलाच नाही तर गाडी बाजूला घेऊन फ्यूज बघा. रेडिएटरचं झाकण गरम असताना कधीही उघडू नका, उकळतं कूलंट (इंजिन थंड ठेवणारं द्रव) अंगावर येतं. उतारावर ब्रेक सतत धरून न ठेवता खालच्या गिअरवर उतरलो. निघण्याआधी ब्रेक ऑइल बदललेलं होतं, त्याचा इथे फायदा झाला. आमचं डॉट ४ प्रकारचं ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं, आणि ब्रेक तापून ते उकळलं तर ब्रेक नीट लागत नाही. नवं असताना त्याचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असतो, ओल धरल्यावरची किमान मर्यादा १५५. दर २ वर्षांनी ते बदलाच.

चिखलाचा पट्टा ओलांडल्यावर मित्राची गाडी न्यूट्रलमध्ये छान चालायची, पहिला गिअर टाकला की बंद. न्यूट्रलमध्ये चालते म्हणजे पेट्रोल आणि स्पार्क दोन्ही आहेत, मग प्लग खोलायची गरजच नाही. संशय थेट साइड स्टँडच्या स्विचवर, कारण स्टँड खाली असताना गिअर टाकला की हा स्विच इंजिन बंद करतो. बाटलीभर पाण्याने चिखल धुतला, स्टँड बरेचदा वर-खाली केला, गाडी निघाली. हा स्विच कायमचा बायपास करायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. उघडा राहिलेला स्टँड डाव्या वळणावर रस्त्याला टेकतो आणि माणूस पडतो.

पुढे एकदा स्टार्टर नुसता कट्-कट् करत राहिला. सीटखाली बॅटरीचा टर्मिनल स्क्रू थरथरून सैल झाला होता, आवळताच इंजिन सुरू झालं. तुमच्याकडे स्क्रू घट्ट असूनही असं झालं, तर छोटा मल्टीमीटर (व्होल्ट मोजायचं यंत्र) लावा. पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ व्होल्टच्या पुढे दाखवते, इंजिन रेव्ह केल्यावर (अ‍ॅक्सिलरेटर देऊन वेग वाढवल्यावर) बहुतेक गाड्यांत आकडा १४ च्या आसपास जायला हवा. तो १३ च्या खालीच घुटमळला तर स्टेटर (वीज तयार करणारा भाग) किंवा रेग्युलेटर-रेक्टिफायर (ती वीज बॅटरीला योग्य रूपात देणारा भाग) तपासून घ्या, नुसती नवी बॅटरी टाकली तर तीही उतरेल.