सुबियाको: बेनेडिक्टची गुहा आणि मठाचं स्वयंपाकघर

सुबियाकोला सकाळीच पोहोचावं. रोमच्या पूर्वेला साधारण ७० किलोमीटरवर, आनिएने नदीच्या अरुंद दरीत हे गाव आहे. मेट्रोच्या ‘बी’ लाइनवर पोंते माम्मोलो स्टेशनला उतरलं की तिथूनच कोत्रालच्या बस सुटतात. तिकीट आधीच तंबाखूच्या दुकानातून घ्यायचं आणि बसमध्ये चढल्यावर यंत्रात घालून त्यावर छाप उमटवायचा. छाप नसेल तर तिकीट हातात असूनही दंड बसतो. रविवारी बस फार कमी असतात. गावाच्या वरच्या चढावर असलेले दोन्ही मठ दुपारी काही तास बंद राहतात, त्यामुळे उशिरा उतरणारा माणूस सगळा चढ चढून बंद दारापाशी उभा राहतो.

गावातून रस्ता सतत चढत जातो. वाटेत रोमन सम्राट नीरोच्या प्रासादाचे अवशेष लागतात, मग सांता स्कोलास्तिका हा खालचा मठ. १४६५ मध्ये दोन जर्मन मुद्रकांनी इटलीतली सुरुवातीची छापील पुस्तकं इथेच छापली. पण चढायचं ते आणखी वर, कड्याला चिकटलेल्या साक्रो स्पेको या वरच्या मठापर्यंत. सन ५०० च्या सुमारास नुर्सियाचा एक तरुण, पुढे ज्याच्या नावाने ख्रिस्ती मठपरंपरा चालली तो बेनेडिक्ट, रोममधलं शिक्षण सोडून इथल्या गुहेत तीन वर्षं राहिला. मठ त्या गुहेभोवती आणि गुहेवर बांधलेला आहे, त्यामुळे आत फिरताना भिंत कुठे संपते आणि डोंगर कुठे सुरू होतो ते कळत नाही.

खालच्या चर्चमधल्या भित्तिचित्रांत एकापाशी थांबावंच. तेराव्या शतकाच्या अखेरीला कोन्सोलुस नावाच्या चित्रकाराने ते रंगवलं. वर कड्यावर रोमानुस नावाचा मठवासी वाकून दोरीने भाकरी खाली सोडतो आहे, खाली गुहेत बेनेडिक्ट आहे. दोरीला घंटा बांधलेली आहे, कारण वरून माणूस दिसत नाही. घंटा वाजली की खाली कळायचं, अन्न आलं. पोप ग्रेगरी यांनी सांगितलेल्या कथेत सैतान दगड मारून ती घंटाच फोडतो, तरी रोमानुस भाकरी पोहोचवत राहतो. ती भाकरी तो स्वतःच्या वाट्यातून काढून ठेवायचा आणि ठरलेल्या दिवशी सोडायचा. या मठपरंपरेत करुणा कशी दिसते, हे मला या चित्राइतकं स्पष्ट दुसरीकडे दिसत नाही. मन भरून येण्याची वाट ती पाहत नाही. वाटा, दिवस आणि निरोपाची सोय आधी ठरते.

बेनेडिक्टने पुढे मोंते कासिनोच्या आपल्या मठात लिहिलेल्या ‘नियम’ या मठजीवनाच्या ग्रंथात ७३ प्रकरणं आहेत, आणि त्यांतली कितीतरी ताट, भांडी, कपडे आणि वेळा यांच्याबद्दल आहेत. ३५ वं प्रकरण स्वयंपाकघराचं. आजारी माणसं आणि महत्त्वाच्या कामात गुंतलेले वगळता प्रत्येकावर आठवड्याची पाळी येते. शनिवारी पाळी संपवणारा सगळी साफसफाई करतो, हातपाय पुसायची फडकी धुतो, आणि तो व नवा पाळीवाला मिळून सगळ्यांचे पाय धुतात. भांडी स्वच्छ आणि धड अवस्थेत कोठावळ्याकडे परत जातात. तो ती नव्या माणसाला देतो, म्हणजे काय दिलं आणि काय घेतलं याचा हिशेब राहतो. शिवाय, जेवणाच्या एक तास आधी वाढणाऱ्यांना नेहमीच्या वाट्यापेक्षा जादा थोडी भाकरी आणि एक पेय मिळतं. कारणही तिथेच दिलंय: त्यांनी कुरकुर न करता, फार शिणून न जाता भावांची सेवा करावी.

जिथे वाढणाऱ्याने शेवटी उरलंसुरलं खायचं, तिथे या नियमाचं महत्त्व लगेच कळेल. उपाशी पोटी दुसऱ्याला वाढणारा चिडतो, हे बेनेडिक्टने स्वभावदोष म्हणून सोडून दिलं नाही, त्यावर भाकरीची सोय केली. दया आटते ती बहुतेक वेळा थकव्याने आणि एकाच माणसावर पडलेल्या ओझ्याने. म्हणून घरी हे आणायचं असेल तर पाळीपासून सुरुवात करा. आठवडाभराचं एक काम, एक माणूस, बदलण्याचा एक ठरलेला वार. ‘जमेल तेव्हा मदत करू’ असं ठेवलं की काम पुन्हा नेहमीच्याच माणसाकडे जातं.

पाहुण्यांबद्दल ५३ वं प्रकरण आहे. येणाऱ्या प्रत्येकाला ख्रिस्त समजून घ्यावं, त्यातही गरीब आणि यात्रेकरू यांची अधिक काळजी घ्यावी. श्रीमंताचा मान त्याच्या धाकानेच राखला जातो, असं बेनेडिक्ट स्पष्ट लिहितो. तरी मठाधिपती आणि पाहुणे यांचं स्वयंपाकघर वेगळं ठेवलंय, कारण पाहुणे कुठल्याही वेळी येतात आणि त्यामुळे बाकीच्यांची घडी मोडू नये. तिथे काम करणाऱ्यांना गरज पडली की मदतनीस द्यायचे, काम कमी झालं की दुसरीकडे पाठवायचे. स्वागताला हद्द आखून दिली तर ते वर्षानुवर्षं टिकतं.

सायंप्रार्थनेला पाहुण्यांनी बसावं, पण आवाज खाली ठेवून. स्तोत्राच्या ओळी दोन बाजूंनी आळीपाळीने म्हटल्या जातात आणि प्रत्येक ओळीच्या मध्यावर छोटा विराम असतो. नवखा माणूस हमखास तो विराम खाऊन टाकतो आणि सगळ्यांच्या पुढे धावतो. शेजाऱ्याचा श्वास ऐकू येईल इतक्याच आवाजात म्हटलं तर विराम आपोआप सापडतो. इतरांच्या चालीने चालण्याचा हा सराव रोज अनेकदा होतो. नियमात १५० स्तोत्रं आठवड्यात पूर्ण करायची आहेत.

एकट्याने करायचं ते पवित्र वाचन. बाराव्या शतकातल्या दुसरा ग्विगो या कार्थुसियन (एकांतात राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या) मठवासीने त्याच्या चार पायऱ्या मांडल्या: वाचन, मनन, प्रार्थना, चिंतन. अर्धा तास पुरे. लूकच्या शुभवर्तमानातला चांगल्या शोमरोन्याचा उतारा, १० व्या अध्यायाच्या २५ ते ३७ ओव्या, सुरुवातीला उत्तम. त्यात वाटेत जखमी पडलेल्या माणसाला याजक आणि लेवी (मंदिरसेवक) टाळून पुढे जातात, आणि परका शोमरोनी मात्र थांबून मदत करतो. पुटपुटत दोनदा वाचा. एखादा शब्द अडला की पुढे जाऊ नका, तोच घोळवा, मग त्यावरून देवाशी बोला, मग गप्प बसा. इथे दोन गोष्टी बिघडतात. एक तर माणूस अख्खा अध्याय संपवायला जातो. दुसरं म्हणजे वाचताना ‘हे अमक्याला लागू पडतं’ असं मनात येतं आणि याजक व लेवी यांच्या जागी शेजारी दिसू लागतात. तेव्हा शोमरोन्याच्या कृती मोजाव्यात: जवळ गेला, तेल आणि द्राक्षारस ओतून पट्ट्या बांधल्या, जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेलं, दोन दीनार दिले, जास्त लागलं तर परत येताना देईन म्हणाला. त्यांपैकी आज एखादी आपल्याला जमेल का, एवढंच पाहावं.

भांडणं मठातही होतात, आणि नियम ती गृहीत धरतो. १३ व्या प्रकरणात पहाटेच्या आणि संध्याकाळच्या प्रार्थनेत प्रभूची प्रार्थना (येशूने शिष्यांना शिकवलेली) पूर्ण मोठ्याने म्हणायला सांगितलंय, कारण एकत्र राहताना बोचणारे काटे उगवतातच. तिच्यातलं ‘आमची ऋणे आम्हांस सोड’ हे क्षमेचं मागणं मठाचा प्रमुख म्हणतो आणि सगळे ते ऐकतात, कोणाचं चुकलं याचा निवाडा तेव्हा होत नाही. घरात हे करताना ‘मी तुला क्षमा केली’ असं तोंडावर ऐकवू नये, त्याने जुनं भांडण नव्याने सुरू होतं. प्रकरण खरंच चिघळलं असेल तर २७ वं प्रकरण वाचावं. ज्या भावाला शिक्षा म्हणून वेगळं बसवलंय, त्याच्याकडे मठाधिपती वयस्क, समजूतदार भाऊ गुपचूप पाठवतो. त्यांनी त्याला धीर द्यायचा, नमतं घ्यायला राजी करायचं आणि अतिदुःखाने तो खचणार नाही हे पाहायचं. शिक्षा चालू असतानाच हे करायचं असतं.