नो-क्लीन फ्लक्स खरंच धुवायचा नाही का?
फ्लक्स म्हणजे सोल्डर नीट धरावं म्हणून लावायचं रसायन, आणि त्यातलं नो-क्लीन म्हणजे धुवायचंच नाही असं मी बरीच वर्षं धरून चाललेलो, पण पावसाळ्यात एका सेन्सर बोर्डाचं रीडिंग हलायला लागलं, हॉट एअर फिरवली की परत नीट, तेव्हा कळलं की टचअप (हाताने जोड दुरुस्त) करताना पातळ फ्लक्स जास्त पडलेला आणि आयसीखाली तो पूर्ण तापलाच नव्हता. रिफ्लोमध्ये, म्हणजे भट्टीत सोल्डर वितळवताना, अख्खा बोर्ड २४० डिग्रीच्या आसपास जातो, मागे कडक थर उरतो, तो राहू दे. हाताने सोल्डर करताना सोल्डरिंग आयर्नच्या बिटपासून (टोकापासून) लांब पसरलेला फ्लक्स मात्र कच्चाच राहतो, ओल धरतो, आणि मेगाओमवाल्या (खूप जास्त रोधाच्या) सर्किटला तेवढं लीकेज, म्हणजे नको तिथून झिरपणारा करंट, बिघडवायला पुरतं. आणि प्लीज, आयपीएचा (आयसोप्रोपिल अल्कोहोलचा) नुसता एक हात मारून सोडू नका, फ्लक्सचा थर पांढरा होऊन पसरतो आणि ते आणखी वाईट, धुवायचं तर ब्रशने घासून भरपूर आयपीएने धुवा. टचअपला मी आता फ्लक्स पेनच (टोकातून थोडाच फ्लक्स सोडणारं पेन) वापरतो.