अगाशीवरचं पर्जन्यमापक, नोंद ४: पोच कुणाची?

मागच्या नोंदीत मोठ्या तोऱ्यात लिहिलं होतं, की दोन्ही नोड सुरळीत चालू आहेत. ते वाक्य मागे घेतो. पाऊस नव्हता म्हणून ते सुरळीत चालू होते.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात मांडणी. एक नोड, म्हणजे पाऊस मोजून निरोप पाठवणारं यंत्र, बडोद्यातल्या दांडिया बाजारात आमच्या अगाशीवर, दुसरा वाघोडियाकडे मामांच्या शेतावर. दोन्हीकडे टिपिंग बकेट. आतली जोडवाटी ०.२ मिमी पावसाला एकदा कलंडते, चुंबक रीड स्विचवरून (चुंबक जवळ आला की जुळणाऱ्या स्विचवरून) जातो आणि ईएसपी ३२, म्हणजे वायफाय असलेला चिमुकला संगणक, एक टिप मोजतो. निरोप एमक्यूटीटीने (यंत्रांनी एकमेकांना छोटे निरोप पाठवायची पद्धत) भाड्याच्या छोट्या सर्व्हरवरच्या मॉस्किटो ब्रोकरकडे, म्हणजे निरोप घेऊन पुढे देणाऱ्या मधल्या प्रोग्रॅमकडे, जातो, आणि तिथे माझी पायथन स्क्रिप्ट तो एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये लिहिते.

या छंदाची गोम अशी, की मोजण्यासारखं काही घडत असतं तेव्हाच नेट जातं. बडोद्यात पाऊस आला की लाईट जाते, लाईट गेली की राउटर बंद, आणि शेताकडे तर थोड्या वेळाने टॉवरही मान टाकतो. कोरड्या दिवशी शंभर टक्के निरोप पोचतात, पण त्यात मोजायला काही नसतं.

जून, पहिला मोठा पाऊस

सकाळी मामांचा फोन. "अरे, रात्रभर धो धो कोसळतोय इकडे आणि तुझ्या पानावर शून्य कसा?"

"मामा, तिकडचं नेट गेलं असेल. येईल मागाहून."

मागाहून काहीच आलं नाही. रात्री तीनपासून सकाळी नऊपर्यंतचा पाऊस कायमचा गेला. मला याचं कोडं पडलं, कारण मी क्यूओएस, म्हणजे निरोप पोचण्याच्या हमीची पायरी, १ लावला होता, म्हणजे पोच मिळेपर्यंत पुन्हापुन्हा पाठवायचं. निदान माझी तशी समजूत होती.

दोन संध्याकाळी घालवल्यावर कळलं ते असं. मी वापरत होतो ती पबसबक्लायंट लायब्ररी (नोडवरचा तयार कोड) निरोप पाठवताना फक्त क्यूओएस ० जाणते, म्हणजे एकदा पाठवायचं आणि पोचेची वाट पाहायची नाही. १ घेता येतो तो फक्त निरोप ऐकताना. आणि पब्लिश या निरोप पाठवायच्या आज्ञेत शेवटच्या जागी मी जो १ लिहून खूश झालो होतो, ती जागा क्यूओएसची नव्हतीच. ती 'रिटेन्ड'ची होती! म्हणजे मी ब्रोकरला सांगत होतो, की हा निरोप जपून ठेव आणि जो नवा येईल त्याला हातात दे.

त्यामुळे एक जुनं गूढही उकललं. नोव्हेंबरात, आभाळ लख्ख असताना, माझ्या नोंदवहीत अधूनमधून ०.२ मिमी पाऊस पडायचा. मी कबुतरांना दोष देत होतो. प्रत्यक्षात स्क्रिप्ट पुन्हा सुरू केली, की ब्रोकर तिला जपून ठेवलेली शेवटची टिप इमानदारीने देत होता आणि ती बिचारी पाऊस म्हणून लिहीत होती. कबुतरांची माफी.

आजोबांची हुंडी

निरोप हरवला तर पाऊस कमी दिसतो, दोनदा आला तर जास्त. पहिल्यावर उपाय एकच, पुन्हा पाठवणं. पण पुन्हा पाठवलं की दुसरा रोग ओघाने आलाच, कारण कधीकधी निरोप पोचलेला असतो आणि वाटेत हरवलेली असते ती पोच.

आमचे आजोबा रावपुऱ्यात एका पेढीवर मुनीम होते. त्यांच्या जुन्या शब्दांत याचं उत्तर सापडलं. हुंडी वाटेत गहाळ झाली तर तिची दुसरी प्रत काढत, तिला पेठ म्हणत. तीही गेली तर तिसरी, परपेठ. प्रती कितीही निघाल्या आणि पुढेमागे सगळ्याच हजर झाल्या, तरी पैसे एकदाच मिळत. चुकती झालेली हुंडी म्हणजे खोका. तो पेढीवर जपून ठेवत.

माझ्या टेबलात आता तोच खोका आहे. प्रत्येक नोंदीला नोडचं नाव आणि अनुक्रमांक, आणि या जोडीवर युनिक अट. तीच जोडी पुन्हा आली तर एसक्यूलाइट ती घेत नाही. मी नोडला तरीही आनंदाने पोच देतो.

जुलैचा पहिला आठवडा: पोच नेमकी कुणाची

लायब्ररी बदलली. ईएसपी-आयडीएफ, म्हणजे ईएसपी बनवणाऱ्यांच्याच कोडसंचातला एमक्यूटीटी क्लायंट खरा क्यूओएस १ पाठवतो. पण पोच न आलेले निरोप तो रॅममध्ये ठेवतो, आणि लाईट गेली की रॅम कोरी. शिवाय जी पोच येते ती ब्रोकरची. ब्रोकरला निरोप मिळाला याचा अर्थ माझ्या वहीत तो लिहिला गेला असा होत नाही.

हे पटायला मला वेळ लागला. मॉस्किटोला सांगितल्याशिवाय तो डिस्कवर काही ठेवतच नाही. पर्सिस्टन्स (डिस्कवर जपून ठेवणं) चालू केलं तरी मूळ सेटिंगप्रमाणे दर १८०० सेकंदांनी लिहितो. अर्ध्या तासात सर्व्हर आडवा झाला तर पोच दिलेले निरोपही गेले. माझी स्क्रिप्ट बंद असेल तर तिच्यासाठी साठवायची रांगही मूळ सेटिंगमध्ये १००० निरोपांची, त्यापुढचे टाकून दिले जातात. दोन्ही आकडे वाढवता येतात, पण मुद्दा तो नाही. मधल्या माणसाने सही केली म्हणून पत्र मालकाच्या हाती पडलं असं आपण धरत नाही.

क्यूओएस २ का नाही, हे कुणीतरी विचारणारच. त्यात चार फेऱ्यांचा व्यवहार होऊन निरोप नेमका एकदाच पोचतो, पण नोडपासून ब्रोकरपर्यंत. ब्रोकरपासून स्क्रिप्टपर्यंत दुसरा, वेगळा व्यवहार. निरोप घेऊन टेबलात लिहिण्याआधी स्क्रिप्ट कोसळली, तर चारही फेऱ्या फुकट. माझ्या मते युनिक अट असताना क्यूओएस २ म्हणजे कुलपाला कुलूप.

यात एमक्यूटीटीला नावं ठेवत नाही. १९९९ साली अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क आणि आर्लेन निपर यांनी तो तेलाच्या पाइपलाइनींवर उपग्रहामार्फत नजर ठेवायला बनवला. महागडी, चिंचोळी, तुटक लाइन हेच त्याचं माहेर. त्याने त्याचं काम करावं, हिशेब मी ठेवीन.

म्हणून आता पोच स्क्रिप्ट देते, आणि टेबलात कमिट झाल्यावरच, म्हणजे नोंद पक्की लिहिली गेल्यावरच, देते. वेगळ्या टॉपिकवर (निरोपांच्या वेगळ्या नावाखाली) एकच आकडा: ४१२ पर्यंत सगळं पोचलं. नोड ४१२ पर्यंतचं पुसतो, त्याआधी एक अक्षरही पुसत नाही. एसक्यूलाइट वॅल मोडमध्ये (बदल आधी वेगळ्या फाइलीत लिहायची पद्धत) असेल तर 'सिंक्रोनस' हे सेटिंग 'नॉर्मल' ठेवू नका. वीज गेल्यास फाइल बिघडत नाही, पण शेवटचे कमिट उडू शकतात, आणि आपण त्यांची पोच देऊन बसलेलो असतो. 'फुल' ठेवा. मिनिटाला दोन नोंदींना वेगाची काय पडली आहे!

साठवायचं कशात

नोडवरची रांग लाईट गेल्यावरही टिकायला हवी. फ्लॅशवर दर टिपेला लिहून ती झिजवायची नव्हती, म्हणून ३२ केबीची एफरॅम चिप (वीज गेली तरी न विसरणारी मेमरी) घेतली, एमबी८५आरसी२५६व्ही. तिची लिहिण्याची मर्यादा दहाचा बारावा घात, म्हणजे माझ्या हयातीत चिंता नाही.

१६ बाइटची एक नोंद धरली तर २०४८ नोंदी बसतात. आधी विचार होता, एका टिपेला एक नोंद. मग ३१ जुलै २०१९ आठवला. त्या दिवशी बडोद्यात २४ तासांत जवळजवळ ५०० मिमी पडला होता, म्हणजे २५०० टिपा. २०४८ नोंदी ४०९.६ मिमीला भरतात. ज्या दिवसासाठी एवढा खटाटोप, त्याच दिवशी रांग ओसंडली असती. म्हणून आता मिनिटाला एक नोंद, तीही त्या मिनिटात पाऊस असेल तरच. अखंड कोसळला तरी ३४ तास पुरते. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्री नदी २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांच्याही वर गेली, तेव्हा शहराचे काही भाग ३४ तासांपेक्षा जास्त अंधारात होते हे मला माहीत आहे. त्यावर अजून उत्तर नाही.

वेळेचा शिक्का नोडवरच, डीएस३२३१ घड्याळाने मारायचा. पोचल्याची वेळ धरली तर रात्रभराचा पाऊस सव्वानऊला एका मिनिटात पडल्यासारखा दिसतो.

दोन फजित्या, भराभर

अनुक्रमांक आधी रॅममध्ये होता. लाईट येऊन नोड उठला की पुन्हा १ पासून, आणि युनिक अट खऱ्या ताज्या पावसाला 'हे आधीच चुकतं झालंय' म्हणून दारातून परत पाठवत होती. वर पोचही मिळत होती, त्यामुळे नोडने नोंद पुसलीही. अनुक्रमांकही आता एफरॅममध्ये.

दुसरी. लिहिता लिहिता वीज गेल्याने एक नोंद अर्धवट राहिली. स्क्रिप्ट ती वाचून कोसळायची, पुन्हा उठायची, नोड तीच पुन्हा पाठवायचा. रांगेच्या तोंडाशी एक रेडा आडवा बसला आणि मागच्या सगळ्या गाड्या अडल्या. आता प्रत्येक नोंदीला चेकसम (नोंद शाबूत आहे का ते सांगणारा ताळ्याचा आकडा) आहे, आणि जी वाचता येत नाही ती 'अडगळ' नावाच्या टेबलात टाकून तिचीही पोच देतो.

चाचणी

फनेलचा व्यास १६ सेंमी, म्हणजे एका टिपेला ४.०२ मिली पाणी. ४०२ मिली सोडलं की १०० टिपा यायला हव्यात. पाणी सलाईनच्या नळीने थेंबथेंब सोडा. भसकन ओतलं तर वाटी कलंडताना पाणी निसटतं आणि मोजणी कमी येते. पाणी ठिबकत असताना मी वायफाय तोडलं, स्क्रिप्ट मारली, नोडची वायर उपटली, ब्रोकर रीस्टार्ट केला. जुन्या मांडणीत टेबलात ८३ टिपा आल्या होत्या. नव्या मांडणीत तीनही वेळा १००. आई म्हणाली, "अगाशीवर सलाईन कुणाला लावलंस?"

परवाची रात्र

शेतावर २ वाजून १० मिनिटांनी लाईट गेली, ७.४० ला आली, ७.५२ ला पहिली पोच. नोड या वेळी बॅटरीवर जागा होता. २११ नोंदी आठआठच्या खेपांनी आल्या, ३५७ टिपा, ७१.४ मिमी. मामांना मी आधीच सांगून ठेवलं होतं, की अंगणात सरळ भिंतींचा पत्र्याचा डबा ठेवा आणि सकाळी फूटपट्टी लावा. त्यांना फोन केला.

"सात सेंटीमीटर आणि वर एक-दोन रेघा," ते म्हणाले. "तुझं काय म्हणतंय?"

एफरॅम भरली तर जुनं टाकायचं की नवं नाकारायचं, हा प्रश्न उरला आहे. सध्याचा विचार असा, की तीन चतुर्थांश भरली की जुन्या मिनिटनोंदी पंधरा पंधरा मिनिटांच्या करून जागा काढायची. एकूण पाऊस तोच राहतो, फक्त त्याची नक्षी पुसट होते. पण अनुक्रमांकांचं काय करायचं ते अजून सुटलेलं नाही. कुणी केलं असेल तर सांगा.